कारच्या ॲम्प्लिफायरचा गेन: आवाज फाटू न देता कसा लावायचा

ॲम्प्लिफायरवर ‘गेन’ लिहिलेलं जे छोटं गोल बटण असतं, त्याला बहुतेक जण आवाजाचं बटण समजतात. फिरवलं की आवाज वाढतो, त्यामुळे तो समज आणखी पक्का होतो. पण ॲम्पची ताकद गेनवर ठरत नाही. ती आधीच ठरलेली असते, आतल्या वीजपुरवठ्यावर आणि ट्रान्झिस्टरवर. स्टिरिओचा व्हॉल्यूम किती वर नेल्यावर ॲम्प त्या ताकदीला पोहोचेल, एवढंच गेन ठरवतो. गेन बेताचा असेल तर व्हॉल्यूम ३५ वर गेल्यावर ॲम्प पूर्ण क्षमतेला येतो. गेन भरमसाठ असेल तर तो १५ वरच तिथे पोहोचतो, आणि १६ पासून पुढे जे ऐकू येतं ते सगळं फाटलेलं असतं.

माझा पहिला सबवूफर (खोल बास वाजवणारा मोठा स्पीकर) असाच गेला. ॲम्प ३०० वॅटचा, वूफरही ३०० वॅटचा, कागदावर जोडी अगदी जुळलेली. गेन मात्र पाऊणपर्यंत फिरवलेला आणि वर बास बूस्ट, म्हणजे ॲम्पवरचं बास वाढवायचं बटण, चालू. लांबच्या प्रवासात आधी बास मऊ पडला, म्हणून मी व्हॉल्यूम वाढवला. मग वूफरच्या आतल्या कॉइलच्या तारेवरची लाख जळाल्याचा वास आला आणि वूफर गप्प झाला. बास मऊ का पडला होता, ते मला पुष्कळ नंतर कळलं. कारण पुढे येईलच.

फाटणं म्हणजे नेमकं काय

ॲम्पच्या आतला वीजपुरवठा गाडीच्या बारा-चौदा व्होल्टमधून धन आणि ऋण बाजूला ठरावीक व्होल्टेज तयार करतो. आउटपुटची लहर या दोन हद्दींच्या आतच हलू शकते. सिग्नलने त्यापलीकडे जायला सांगितलं तरी ॲम्पला जाता येत नाही. मग लहरीचा गोल माथा कापला जातो आणि तिथे सपाट पठार उरतं. यालाच क्लिपिंग म्हणतात.

याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही स्पीकरला महागात पडतात. पहिला उष्णतेचा. स्वच्छ साइन लहरीचं आरएमएस, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने परिणामकारक, व्होल्टेज तिच्या शिखराच्या ०.७०७ पट असतं. लहर कापत कापत पूर्ण चौकोनी झाली, तर तिचं आरएमएस शिखराइतकंच होतं. व्होल्टेज १.४१ पट झालं की शक्ती दुप्पट होते. म्हणजे वीजपुरवठा तग धरून राहिला, तर ३०० वॅटचा ॲम्प कॉइलमध्ये ६०० वॅटच्या आसपास ओतू शकतो. कानाला त्यातून काही जास्तीचं मिळत नाही. ती भर बहुतांशी उष्णता होऊन कॉइलमध्येच राहते.

दुसरा परिणाम सुरांचा. कापलेल्या लहरीत मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे नवे सूर शिरतात. ४० हर्ट्झच्या बासमधून १२०, २०० आणि २८० हर्ट्झ तयार होतात. १००० हर्ट्झचा सूर कापला गेला की ३०००, ५०००, ७००० हर्ट्झ तयार होतात आणि ते सरळ ट्वीटरकडे, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरकडे, जातात. ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते. गाण्यात तिच्या वाट्याला एरवी फार थोडी शक्ती येते आणि तिची तेवढीच तयारी असते. म्हणून गेनची चूक बहुतेकदा आधी ट्वीटर घेऊन जाते.

आता बास मऊ पडण्याचं कारण. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली, तर तिचा रोध जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो. मग त्याच व्होल्टेजला प्रवाह कमी वाहतो आणि आवाज खाली बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं की ॲम्प थकला, म्हणून तो व्हॉल्यूम वाढवतो. प्रत्यक्षात तेव्हा कॉइल थंड होऊ देण्याची गरज असते.

इथेच एक जुना गैरसमजही सोडवून टाकू. ‘कमी वॅटचा ॲम्प स्पीकर जाळतो’ असं सर्रास म्हटलं जातं. कमी शक्तीने कुठलाही स्पीकर जळत नाही. छोटा ॲम्प पुरत नाही म्हणून माणूस त्याला ताणतो, तो फाटतो आणि त्याच्या नावावर असलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त शक्ती स्पीकरला जाते. ५० वॅटचा ॲम्प २०० वॅटच्या वूफरला कितीही फाटला तरी जाळू शकणार नाही. तोच ॲम्प ६० वॅटच्या दरवाजातल्या स्पीकरला मात्र नक्की त्रास देईल.

आधी कुठे फाटतं ते शोधायचं

गेनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: ॲम्प हा साखळीतला शेवटचा दुवा आहे. गाण्याची फाईल किंवा फोन, मग स्टिरिओ, मग असेल तर डीएसपी (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारा डबा) किंवा लाइन कन्व्हर्टर (स्पीकरच्या वायरवरचा सिग्नल ॲम्पजोगा करणारा डबा), आणि सगळ्यात शेवटी ॲम्प. यातल्या प्रत्येक ठिकाणी सिग्नलला छत आहे आणि प्रत्येक ठिकाणी तो फाटू शकतो. स्टिरिओतच कापला गेलेला सिग्नल ॲम्पचा गेन कितीही कमी केला तरी गोल होत नाही. तो फक्त हळू आवाजात फाटलेला ऐकू येतो. म्हणून काम पुढून मागे करायचं. स्टिरिओचं छत आधी शोधायचं, ॲम्पला हात नंतर लावायचा. ज्यांनी थेट ॲम्पच्या बटणापासून सुरुवात केली, त्यांचं सगळं मोजमाप पायाच नसलेल्या भिंतीसारखं होतं.

काय काय लागेल

एसी व्होल्ट दाखवणारा डिजिटल मल्टिमीटर, बारीक स्क्रू ड्रायव्हर, वर्गमूळ काढता येईल असा कॅल्क्युलेटर आणि टेस्ट टोनच्या फाइल्स. ऑसिलोस्कोप मिळाला तर फारच उत्तम, कारण लहर कापली जाते आहे की नाही हे डोळ्यांना दाखवणारं तेवढं एकच साधन आहे. हल्ली हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे छोटे स्कोपही या कामाला पुरतात.

टोन म्हणजे एकाच वारंवारतेचा सलग साइन सूर. सबवूफरसाठी ४० किंवा ५० हर्ट्झ, बाकीच्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झ. पातळी ० डेसिबल, म्हणजे डिजिटल फाइलमध्ये मावणारी कमाल पातळी. फाइल वेव्ह किंवा फ्लॅक असावी आणि पेन ड्राइव्हवरून वाजवावी. व्हिडिओच्या साइटवरचा टोन फोनवरून ब्लूटूथने वाजवू नका. तिथे पातळी मधल्यामध्ये बदललेली असू शकते, आणि फोनमधला इक्वलायझर चालू राहिला असेल तर तेही कळत नाही.

मल्टिमीटरची एक खोड आधीच तपासून घ्या. बरेच साधे मीटर घरातल्या ५०-६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि १००० हर्ट्झला कमी आकडा दाखवतात. ही चूक धोक्याच्या दिशेची आहे, कारण मीटर कमी दाखवतो म्हणून तुम्ही गेन जास्त फिरवाल. तपासणी सोपी आहे. स्टिरिओच्या आरसीए आउटपुटवर (ॲम्पकडे सिग्नल नेणारी गोल पिनांची जोडणी), इक्वलायझर सपाट ठेवून आणि व्हॉल्यूम न बदलता, आधी ५० आणि मग १००० हर्ट्झचा टोन मोजा. फुल-रेंज आउटपुटवर दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. १००० चा आकडा बराच खाली असेल, तर त्या मीटरसाठी सबवूफर सोडून बाकीच्या चॅनलना १०० हर्ट्झच्या आसपासचा टोन वापरा आणि मोजताना ॲम्पचा हाय-पास (खालचे सूर अडवणारा) फिल्टर बंद ठेवा.

पायरी १: कागदावरचं गणित

सूत्र एकच: शक्ती गुणिले रोध, आणि त्याचं वर्गमूळ. जे येईल ते आउटपुटवर हवं असलेलं एसी व्होल्टेज.

यात वॅट कोणते घ्यायचे, इथेच गल्लत होते. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ वॅट पूर्ण विसरून जा. ॲम्पचे आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे, वॅट, तुमच्या जोडणीच्या रोधाला जे दिले असतील ते, आणि स्पीकरचे आरएमएस वॅट, या दोन्हींतला लहान आकडा घ्या. ॲम्प ४ ओमला ७५ वॅट देतो आणि दरवाजातला स्पीकर ६० वॅट पेलतो, तर ६० गुणिले ४ म्हणजे २४०, त्याचं वर्गमूळ १५.५ व्होल्ट. मोनो ॲम्प २ ओमला ५०० वॅट देतो आणि वूफर ४०० चा आहे, तर ४०० गुणिले २ म्हणजे ८००, वर्गमूळ २८.३ व्होल्ट. १ ओमला १००० वॅट असतील तर ३१.६ व्होल्ट.

रोध म्हणजे जोडणीनंतरचा एकूण रोध. ४ ओमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओम, एकामागे एक जोडल्या तर ८ ओम. मल्टिमीटरने ४ ओमचा स्पीकर मोजला की साडेतीनच्या आसपास काहीतरी दिसतं. त्यात बिघाड नाही, तो नुसता डीसी रोध आहे. गणितात ४ च घ्या. वाजताना स्पीकरचा रोध सुरागणिक बदलतो आणि बऱ्याच ठिकाणी ४ च्या पुष्कळ वर जातो, त्यामुळे प्रत्यक्षात जाणारे वॅट कागदापेक्षा कमीच असतात. सूत्राचा आकडा म्हणजे वरची मर्यादा समजा.

ॲम्पचे जाहीर वॅट कोणत्या व्होल्टेजला मोजलेत तेही पुस्तिकेत पाहा. बहुतेक चांगल्या ॲम्पचे १४.४ व्होल्टला आणि १ टक्का किंवा कमी डिस्टॉर्शनला (लहरीतल्या बिघाडाला) मोजलेले असतात. तुमच्या गाडीत ॲम्पच्या टोकाला १३.५ च पोहोचत असतील, तर ते वॅट पूर्ण मिळणार नाहीत.

पायरी २: सगळं सपाट करा

मोजणीच्या वेळी इंजिन चालू हवं, म्हणजे ॲम्पला अल्टरनेटरचं व्होल्टेज मिळेल. त्यासाठी गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ॲम्प बंद असताना स्पीकरच्या सगळ्या वायर त्याच्या टर्मिनलमधून काढा आणि त्यांची उघडी टोकं एकमेकांना किंवा बॉडीला लागणार नाहीत अशी ठेवा. हे टाळून चालत नाही. पूर्ण पातळीचा सलग टोन गाण्यापेक्षा कितीतरी निर्दय असतो. गाण्याची सरासरी पातळी शिखरांपेक्षा साधारण १० ते २० डेसिबल खाली असते, हल्लीच्या दाबून भरलेल्या, म्हणजे सतत मोठ्या पातळीच्या, गाण्यांत हे अंतर त्याहून कमी. टोनला मात्र उसंत अशी नसते. काही सेकंदांत ट्वीटर जाऊ शकतो.

मग गेन पूर्ण खाली, बास बूस्ट शून्य, स्टिरिओवरचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बॅलन्स आणि फेडर मध्यावर. ॲम्पचे क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वाटून देणारे फिल्टर, जमल्यास बंद करा. नाहीतर टोन त्यांच्या कक्षेत मधोमध बसेल असं पाहा, म्हणजे ८० हर्ट्झच्या लो-पासमागे (त्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) ४० चा टोन. डॅशबोर्डजवळ बासचं वेगळं रिमोट बटण बसवलं असेल, तर ते पूर्ण वर करून मोजा. ते अर्ध्यावर ठेवून गेन लावला आणि नंतर कुणी ते वर केलं, तर सगळी मेहनत वाया जाते.

पुढे इक्वलायझरवर बास वाढवूनच ऐकणार असाल, तर ती वाढ मोजतानाच चालू ठेवा. ३ डेसिबलची वाढ म्हणजे दुप्पट वॅट, ६ डेसिबलची वाढ म्हणजे चौपट. सपाट असताना बरोबर लावलेल्या गेनवर नंतर ६ डेसिबलचा बूस्ट दिला, तर ४०० वॅटच्या वूफरसाठी ॲम्पकडे १६०० वॅट मागितल्यासारखं होतं. माझं स्पष्ट मत आहे की ॲम्पवरचा बास बूस्ट कायमचा शून्यावर असावा. बास कमी वाटत असेल, तर वूफरचा खोका, त्याची जागा आणि फेज (धन-ऋण जोडणीची दिशा) आधी तपासा.

पायरी ३: स्टिरिओचं छत

स्कोप असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. आरसीए आउटपुटला स्कोप लावा, १००० हर्ट्झचा ० डेसिबल टोन सुरू करा आणि व्हॉल्यूम एकेक पायरी वर न्या. लहरीचा माथा जिथे सपाट व्हायला लागेल, त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली या. तो आकडा तुमच्या स्टिरिओचं छत. सबवूफरच्या आउटपुटवर ४० हर्ट्झने हेच पुन्हा करा. दोन्ही आकडे वेगळे आले, तर लहान आकडा धरा. काही स्टिरिओ आरसीएवर शेवटच्या पायरीपर्यंत स्वच्छ राहतात. असं दिसलं तर छत शोधायची गरजच उरत नाही.

स्कोप नसेल तरी मल्टिमीटरने बराच अंदाज येतो. व्हॉल्यूमच्या प्रत्येक पायरीला आरसीएवरचं व्होल्टेज वहीत लिहीत जा. लहर स्वच्छ असते तोपर्यंत प्रत्येक पायरीला व्होल्टेज साधारण एकाच पटीने वाढतं. समजा ३२ वर २.५ व्होल्ट, ३३ वर २.८, ३४ वर ३.१५ आणि ३५ वर ३.५ आले. दर पायरीला सुमारे १२ टक्के वाढ. मग ३६ वर ३.७ आणि ३७ वर ३.८ च आले, तर ३५ नंतर काहीतरी अडतंय. माथा कापला जातोय म्हणून वाढ मंदावली. अशा वेळी मी ३४ धरेन. सगळ्या स्टिरिओंच्या पायऱ्या सारख्या नसतात, म्हणून एकाच उडीवरून निष्कर्ष काढू नका. सलग दोन-तीन पायऱ्यांचा कल पाहा.

कंपनीच्या स्टिरिओला आरसीए नसेल आणि तुम्ही स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेत असाल, तर जास्त सावध राहा. तिथे आतला छोटा ॲम्प आधीच फाटलेला असू शकतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत छोटे स्पीकर वाचवण्यासाठी व्हॉल्यूम वाढेल तसा बास आपोआप कमी केला जातो. म्हणून छताच्या व्हॉल्यूमला लावलेला बासचा गेन कमी व्हॉल्यूमला जास्त ठरू शकतो. व्हॉल्यूमच्या प्रत्येक पायरीला ४० हर्ट्झचं आउटपुट मोजा आणि जिथे ते सर्वांत जास्त आहे, त्या पायरीवर बासचा गेन लावा.

या स्पीकर वायरवर किंवा ब्रिज केलेल्या (दोन चॅनल एकत्र जोडलेल्या) ॲम्पवर स्कोप लावताना एक धोका आहे. तिथल्या दोन्ही वायर जिवंत असतात, त्यातली एकही अर्थिंग नसते. घरच्या प्लगवर चालणाऱ्या स्कोपची काळी क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. ती अशा वायरवर लावली आणि गाडीचा निगेटिव्हही कुठून तरी त्याच अर्थिंगला जोडला गेला असेल, तर थेट शॉर्ट होतो आणि आउटपुट जळतं. अशा जागी बॅटरीवरचा स्कोप, तोही चार्जर काढून वापरा. मल्टिमीटरला हा त्रास नाही.

मध्ये डीएसपी असेल तर हाच नियम त्यालाही लावा. स्टिरिओ छतावर असताना त्याच्या इनपुटचा क्लिप दिवा लागत नाही ना ते पाहा, आणि आउटपुट पुन्हा मोजा. डीएसपीमधल्या इक्वलायझरवर सूर वाढवण्याऐवजी बाकीचे कमी करण्याची सवय ठेवली, तर तिथे फाटण्याचा प्रश्न क्वचितच येतो.

पायरी ४: आता ॲम्प

व्हॉल्यूम शून्यावर आणा. ॲम्प चालू करा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि त्याची टोकं ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. चॅनल ब्रिज केले असतील तर ब्रिजसाठी दाखवलेल्या दोन टर्मिनलमध्येच मोजा. टोन सुरू करून व्हॉल्यूम हळूहळू छताच्या आकड्यापर्यंत न्या. मग गेन अगदी सावकाश फिरवा. हे बटण शेवटाकडे एकदम उसळतं, केसभर फिरवलं तरी चार-पाच व्होल्ट वाढतात. कागदावरचा आकडा आला की थांबा. मग दुसरा चॅनल मोजा. डावा-उजवा फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर सोडून द्या, जास्त असेल तर आरसीएच्या पिना आणि बॅलन्स तपासा.

स्कोप असेल तर मल्टिमीटरबरोबर तोही आउटपुटला लावा. आकडा यायच्या आधीच माथा सपाट झाला, तर आकडा विसरा आणि माथा गोल होईल इतकं मागे या. कागदावरचे वॅट ॲम्प देत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मल्टिमीटरच्या पद्धतीची मोठी उणीव हीच आहे. तो व्होल्ट सांगतो, लहर स्वच्छ आहे का हे सांगत नाही. शिवाय आपण मोजतोय ते स्पीकर न जोडता. स्पीकर जोडल्यावर ॲम्प खराखुरा प्रवाह खेचतो, बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं, त्याबरोबर आतल्या पुरवठ्याचंही, आणि छत खाली सरकतं. रिकाम्या टर्मिनलवर २८ व्होल्ट स्वच्छ देणारा ॲम्प वूफर जोडल्यावर २५ लाच कापायला लागू शकतो.

म्हणून स्कोप नसेल तर मी आकड्याच्या १० टक्के खालीच थांबतो. २८.३ ऐवजी साडेपंचवीस. यात शक्ती १९ टक्क्यांनी कमी होते, ऐकायला मोठं नुकसान वाटतं. पण डेसिबलमध्ये हा फरक एकपेक्षाही कमी आहे आणि गाणं चालू असताना तो ओळखता येणं कठीण. वूफरचं आयुष्य मात्र यावर ठरू शकतं. इतका फायद्याचा सौदा या सगळ्या उद्योगात दुसरा नाही.

गेन पूर्ण फिरवूनही आकडा येत नसेल, तर सिग्नल कमजोर आहे. मधे लाइन कन्व्हर्टर असेल, तर त्याची पातळी वाढवा. उपाय नसेल तर आहे तेवढ्यावर समाधान माना, त्यात नुकसान काही नाही. उलट जवळजवळ गेन न फिरवताच आकडा आला, तर ‘बटण अजून खालीच आहे’ म्हणून हळहळू नका. तगड्या सिग्नलवर गेन कमी लागतो आणि खरखरही त्यामुळेच कमी येते.

टोन ० डेसिबलचाच का, की उणे ५ चा?

गाणी क्वचितच सलग ० डेसिबलला पोहोचतात. जुनी किंवा हळू आवाजात ध्वनिमुद्रित केलेली गाणी तर ० डेसिबलच्या टोनने लावलेल्या गेनवर मंद वाटतात. म्हणून अनेक जाणकार उणे ५ किंवा उणे १० डेसिबलच्या टोनने गेन लावतात आणि लक्ष्य तेच पूर्ण व्होल्टेज ठेवतात. याला गेन ओव्हरलॅप म्हणतात. उणे ५ च्या टोनला २८.३ व्होल्ट लावले, तर पूर्ण पातळीच्या शिखराला ॲम्पकडे १.७८ पट, म्हणजे ५० व्होल्टची मागणी जाते. ते त्याच्याकडे नाहीत, शिखर कापलं जाणारच. क्षणभराची शिखरं थोडी कापली गेली तर कानाला ते बहुधा कळत नाही आणि स्पीकरला अपाय होत नाही. पण मग व्हॉल्यूम छतापर्यंत न्यायचा नाही, हे पाळावं लागतं.

ज्या गाडीत मुलं, मित्र, चालक असे चौघं जण व्हॉल्यूमला हात लावतात, तिथे ० डेसिबलचाच टोन वापरा. गाडी तुम्ही एकटेच चालवत असाल आणि ऐकणं जुन्या, हळू ध्वनिमुद्रणांचं असेल, तर सबला उणे ५ चालेल. ट्वीटर असलेल्या चॅनलना मी ओव्हरलॅप देत नाही. उणे १० च्या टोनला मात्र लावू नका. तिथे शिखरांची मागणी तिपटीहून अधिक होते आणि दाबून भरलेल्या नव्या गाण्यात ॲम्प सतत कापत राहतो.

पायरी ५: जोडा, ऐका, फक्त खाली करा

व्हॉल्यूम शून्यावर आणून ॲम्प बंद करा, वायर धन-ऋण पाहून जोडा, क्रॉसओव्हर आपापल्या जागी लावा. ओळखीचं गाणं हळू सुरू करून वाढवत जा. आता बहुतेकदा सब पुढच्या स्पीकरवर चढलेला वाटेल, किंवा उलट. समतोल साधताना जो जास्त वाटतो त्याचा गेन कमी करा. जो कमी वाटतो त्याचा वाढवू नका, तो आधीच आपल्या छताला टेकलेला आहे.

बासचं गाणं जोरात लावून ॲम्पच्या पॉवर टर्मिनलवर डीसी व्होल्ट पाहा. १४ वरून प्रत्येक ठोक्याला १२ च्या जवळ येत असेल, तर गेनला दोष देऊ नका. पॉवर केबल बारीक आहे, अर्थिंगच्या जागी रंग खरवडलेला नाही, किंवा अल्टरनेटर पुरत नाही. बॅटरीच्या टोकाला व्होल्ट ठीक आणि ॲम्पपाशी कमी, तर दोष केबलचा किंवा अर्थिंगचा. हे दुरुस्त केल्यावर गेन पुन्हा मोजावा लागेल.

गाणं बंद करून इंजिन चालू ठेवा. रेसबरोबर चढउतार होणारी शिट्टी ऐकू आली, तर आरसीए पॉवर केबलला खेटून गेली आहे का आणि अर्थिंग घट्ट आहे का ते पाहा. नुसतं सळसळ करणारं हिस ऐकू येत असेल, तर बहुतेक सिग्नल कमजोर आणि गेन जास्त अशी परिस्थिती आहे.

हातात काहीच साधन नसेल तेव्हा

कानाने लावता येतं, फक्त अचूक नाही. गेन तळाला ठेवा, स्टिरिओ कमाल व्हॉल्यूमच्या तीन-चतुर्थांशावर, आणि आवाज व वाद्यं स्पष्ट असलेलं, चांगल्या दर्जाचं गाणं लावा. गेन हळूहळू वाढवा. गायकाच्या आवाजातला ‘स’ चिरका व्हायला लागला, झांज फुटल्यासारखी वाटली, किंवा दुसऱ्याच मिनिटाला कान शिणले, तर तिथून चांगलं मागे या. पुढच्या स्पीकरसाठी हे बऱ्यापैकी जमतं.

सबसाठी मात्र कानावर विसंबू नका. खालच्या सुरातलं फाटणं कान खूप उशिरा ओळखतो, आणि गाडीच्या पत्र्याची घरघर त्यावर पांघरूण घालते. बास ‘भरदार’ वाटतो तोपर्यंत कॉइल पोळत असते. टोन लावता आला तर ५० हर्ट्झचा दोन-तीन सेकंदच वाजवा. स्वच्छ ५० हर्ट्झ नुसता गुंजतो. त्यात मधमाशीसारखी भुणभुण मिसळली की लहर कापली जातेय. ॲम्पवर क्लिपचा दिवा असेल तर तो मोठ्या ठोक्यालाही लागता कामा नये.

स्टिरिओ बदलला, इक्वलायझरची मांडणी बदलली, वूफरची जोडणी २ ओमची ४ ओम केली, नवी केबल टाकली, तर मोजणी पहिल्यापासून. म्हणून काम झाल्यावर एका कागदावर तारीख, स्टिरिओचं छत, प्रत्येक चॅनलचे व्होल्ट आणि टोनची पातळी लिहा आणि तो ॲम्पशेजारी चिकटवा. गेनच्या बटणावर आणि त्याच्या कडेला मार्करने एक बारीक रेघ ओढा. सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीत कुणी ते बटण फिरवलं, तर रेघ सरकलेली लगेच दिसते.